कृष्णवर्णीयांचा मुक्तिलढा आणि समाजवाद : वस्तीत अभ्यासवर्ग कसा घ्यावा

पहिल्याच बैठकीत ‘आधी जात की आधी वर्ग?’ हा प्रश्न काढू नका. इंदोरा असो की पाचपावली, नागपुरात तो निघाला की १९७४ ची दलित पँथरची फूट निघते, तिचे नेते नामदेव ढसाळ आणि राजा ढाले यांचा वाद निघतो आणि वेळ संपतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा लढा राहूनच जातो. तो वाद मोलाचा आहे, म्हणूनच शेवटच्या बैठकीला ठेवा.

चार रविवार धरा, दर वेळी दोन तास, बारा ते पंधरा माणसं. गर्दी वाढली की बोलणारे तीन-चारच उरतात. विहारात वंदनेनंतरची वेळ सोयीची पडते. झेरॉक्स दोन पानांपेक्षा जास्त नको, आणि लोक घरून वाचून येतील असं धरून चालू नका. एकेकाने एकेक परिच्छेद तिथेच मोठ्याने वाचावा. ‘रेस’ला ‘वंश’ म्हणा. ‘जात’ म्हटलं की दोन्ही गोष्टी एकच वाटू लागतात, आणि तुलना करायला काही उरत नाही.

सुरुवात अमेरिकेतल्या मेम्फिस शहरापासून करा. १ फेब्रुवारी १९६८ ला पावसापासून आडोसा म्हणून कचरागाडीत शिरलेले दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार यंत्रात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे १३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या फलकावर पगाराचा आकडा नव्हता. ‘मी माणूस आहे’ एवढंच होतं. कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून ४ एप्रिलला याच शहरात झाला, ते या संपासाठीच आले होते. आता विचारा : ही मागणी मजुरीची की मानाची? सफाईचं काम केलेलं कुणी बसलेलं असेल, तर आधी त्यांना बोलू द्या.

दुसऱ्या रविवारी एकच कागद पुरे : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचा १९६६ चा दहा कलमी कार्यक्रम. तिसऱ्या कलमात आमच्या समाजाची ‘गोऱ्या माणसाकडून’ होणारी लूट थांबवा, असं होतं. पुढे तिथे ‘भांडवलदाराकडून’ असा शब्द आला. दोन्ही रूपं फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि या बदलाने कोण शत्रू राहिला, कोण सोबती होऊ शकला, हे लोकांकडून काढून घ्या. व्याख्यान देऊ नका. सगळा विषय या एका शब्दात आहे.

तिसऱ्या बैठकीत कृष्णवर्णीय चळवळ आणि कम्युनिस्ट यांच्यातलं भांडण मांडा, झाकू नका. चार्टपेपरवर मधोमध रेघ मारा. एकीकडे, १९३१ च्या स्कॉट्सबरो खटल्यात (बलात्काराचा खोटा आरोप) नऊ कृष्णवर्णीय मुलांचा बचाव कम्युनिस्टांनी उभा केला. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस १९६१ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, कम्युनिस्ट पक्षात गेले. दुसरीकडे, वसाहतींचा प्रश्न सोव्हिएत धोरणापायी मागे पडतोय म्हणून त्रिनिदादचे कृष्णवर्णीय नेते जॉर्ज पॅडमोर कम्युनिस्ट चळवळीतून बाहेर पडले; आणि गोऱ्या कामगारांच्या कित्येक युनियनांनी कृष्णवर्णीयांना दारच उघडलं नाही.

चौथ्या बैठकीत घरी या. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डू बॉइसना पत्र लिहिलं होतं, हे बऱ्याच जणांना नवं असतं. मग मुंबईच्या गिरण्या घ्या : धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना विणाई खात्यात घेत नसत, आणि जास्त पगार तिथेच. तरीही ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात बाबासाहेब कम्युनिस्टांसोबत होते. नागपूरच्या एम्प्रेस मिल या कापडगिरणीत काम केलेल्या घरातली वडीलधारी माणसं बोलवा, कोणत्या खात्यात कोण होतं ते विचारा आणि त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. ‘जात की वर्ग’ आता काढा. हातात तीन आठवड्यांचे कागद असतील.