गोदामात अ‍ॅसिड सांडलं? या चुका टाळा

एमआयडीसीतल्या कुठल्याही घातक कचरा शेडमध्ये स्पेंट, म्हणजे वापरून झालेल्या, सल्फ्युरिक अ‍ॅसिडचं बॅरल गळलं, की पहिला माणूस धावतो तो पाण्याच्या पाइपाकडे. ही खोड काही केल्या जात नाही. दाट अ‍ॅसिडवर पाणी पडलं की ते उकळून उडतं, हे शाळेत शिकवलेलं असतं. पण खरा घोटाळा पुढचा आहे. चाळीस लिटर अ‍ॅसिडचं चारशे लिटर आम्लपाणी होतं, डाइक, म्हणजे सांडलेलं अडवणारा बंधारा, भरते आणि उरलेलं नाल्याला लागतं. 1986 साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलजवळ सॅन्डोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली, तेव्हा ऱ्हाइन नदीत मासे मेले ते आग विझवायला मारलेल्या पाण्यासोबत वाहून गेलेल्या कीटकनाशकांनी.

पाणी अंगावर उडालेल्या अ‍ॅसिडसाठी. तिथे मात्र लगेच, निदान 15 मिनिटं, आणि कातडीवर सोडा चोळत बसायचं नाही.

जमिनीवरचं काम असं: गळकं बॅरल फिरवून भोक वर आणा, कोरड्या वाळूचा बांध घाला, मग सोडा अ‍ॅश (धुण्याचा सोडा) कडेकडून आत टाकत या. मधोमध गोणी उपडी केली तर वर पापुद्रा धरतो आणि खाली अ‍ॅसिड तसंच राहतं. हिशोब आधी माहीत हवा. 98 टक्क्यांच्या एका लिटरला सुमारे 2 किलो सोडा अ‍ॅश लागतो, 70 टक्क्यांच्या स्पेंट अ‍ॅसिडला सव्वा किलो. म्हणजे शेडमध्ये ठेवलेली 50 किलोची एकुलती गोणी 25 लिटर दाट अ‍ॅसिडची सोय झाली; बॅरल 200 लिटरचं असतं. कॉस्टिक सोडा टाकून काम लवकर उरकू म्हणणाऱ्याला शेडबाहेर काढा. त्याची उष्णता सांभाळता येत नाही.

आता सगळ्यात महागडी घाई. फेस थांबल्यासारखा दिसला की लगदा फावड्याने ड्रममध्ये भरून झाकण आवळायचं. एका गोदामात असंच संध्याकाळी उरकलं. सकाळी ड्रमचं बूड फुगलेलं होतं. एकाने पाना लावून बुच सैल केलं आणि लगदा थेट तोंडावर आला. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. कारण साधं आहे. लगद्यातल्या गुठळ्यांत अ‍ॅसिड दडलेलं असतं, ते रात्रभर सोड्याला भेटत राहतं. 98 टक्क्यांचं एक लिटर पुरतं मारताना साडेचारशे लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो जाणार कुठे? त्यात ड्रम लोखंडी असेल तर पातळ झालेलं अ‍ॅसिड पत्रा खातं आणि हायड्रोजनही निघतो. म्हणून लगदा उलथत राहा, आम्लता मोजणारी पीएच पट्टी 6 ते 9 दाखवेपर्यंत. अर्ध्या तासाने पुन्हा पट्टी लावा, कारण काँक्रीटच्या भेगांतलं अ‍ॅसिड वर येतं. मग उघड्या तोंडाचा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) ड्रम घ्या आणि झाकण दिवसभर नुसतं ठेवा, आवळू नका.

नायट्रिक अ‍ॅसिडवर लाकडाचा भुसा कधीच नको, पेटतो. त्याची तपकिरी वाफ छातीत गेलेल्याला बरं वाटतंय म्हणून घरी सोडू नका, फुफ्फुसात पाणी कित्येक तासांनी भरतं.

पँट गमबुटाच्या बाहेर. धुळीचा मास्क अ‍ॅसिडच्या वाफेला कामाचा नाही.

सॉल्व्हंट सांडलं असेल तर पंख्याच्या बटणाला हात लावू नका, ना चालू करायला ना बंद करायला; बटणाच्या ठिणगीने वाफ पेटते.

पावसाळ्यात डाइकमधलं पाणी सोडायला व्हॉल्व्ह उघडतात आणि तो ऑक्टोबरपर्यंत तसाच राहतो. अशी डाइक काय कामाची? व्हॉल्व्हला कुलूप, किल्ली शिफ्ट सुपरवायझरकडे.

गोळा केलेला लगदा, वाळू, हातमोजे हा सगळाच घातक कचरा. वजन करून, लेबल लावून 90 दिवसांच्या आत फॉर्म 10 (कचऱ्यासोबत जाणारा वाहतूक कागद) सोबत तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचरा विल्हेवाट केंद्रात रवाना करा. एमपीसीबीला (राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला) फोन आणि ईमेल अपघात घडताच करा, फॉर्म 11, म्हणजे अपघाताचा अहवाल, मागाहून. वाळलेला लगदा मागच्या कुंपणाशी पुरणारे अजून भेटतात. पहिल्या पावसात तो शेजारच्या विहिरीच्या पाण्यात उतरतो.