मिनी कूपर एसचं हेड: पोर्टिंग आणि फ्लो टेस्ट

१२७५ सीसीच्या कूपर एसचं बिडाचं सिलिंडर हेड टेबलावर आलं की हात आधी पोर्टच्या (हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटेच्या) तोंडाकडे जातो, कारण बर, म्हणजे घासायचं फिरतं टोक, तिथे सहज पोचतो. पण हवा खरी अडते ती सीटच्या (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेच्या) वर-खाली १५ मिमीच्या पट्ट्यात. तोंड मोठं केलं तर वेग तेवढा घटतो.

ए-सिरीजमध्ये, म्हणजे मिनीच्या या इंजिनात, चार सिलिंडरना इनटेकचे पोर्ट दोनच, एक १-२ ला आणि एक ३-४ ला. एक्झॉस्टचे तीन, त्यातला मधला २-३ चा सामाईक. (अॅम्बॅसेडरचं जुनं १४८९ सीसी बी-सिरीज इंजिन याच घराण्यातलं, मांडणीही हीच.) इनटेक पोर्टच्या दोन्ही अंगांना पुशरॉडची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची) भोकं असतात. तिथे भिंत पातळ, म्हणून रुंदी वाढवण्याच्या फंदात पडू नका.

हेड धुऊन आधी डाय पेनिट्रंट (चिरा दाखवणारा रंग) मारा. चीर बहुधा इनटेक आणि एक्झॉस्टच्या सीटमधल्या पट्टीत सापडते. दिसली तर हेड बाजूला ठेवा. मग गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) बदला, सीट त्यानंतर कापा. सीट कटर गाइडमध्येच बसतो. गाइड ढिलं असेल तर सीट मध्यावर येत नाही आणि व्हॉल्व्ह गळतो.

इनटेक व्हॉल्व्ह ३५.७ मिमीचा. सीटखालचा घसा त्याच्या ८८ टक्के, म्हणजे ३१.४ मिमी ठेवा. सीट ४५ अंशांची, इनटेकला १.२ आणि एक्झॉस्टला १.६ मिमी रुंद. चेंबरच्या (ज्वलनकक्षाच्या) बाजूला ३० अंशांचा कट, घशाच्या बाजूला ६० चा. गाइडभोवतीचा उंचवटा दोन्ही बाजूंनी निमुळता करा, पण मुळापासून उडवू नका, गाइडला आधार त्याचाच. पोर्टचं छत घासायला हरकत नाही. जमिनीचं वळण मात्र फक्त गोलसर करा: ते खोल केलं की वळण आणखी तीव्र होतं आणि हवा भिंत सोडते. शेवटी ८० नंबरचा पेपर पुरे. आरशासारखी चकाकी इनटेकला नको. चेंबर घासताना जुना व्हॉल्व्ह सीटवर बसवून ठेवा, नाहीतर बर घसरून सीटवर ओरखडा पडतो. बिडाची धूळ फार बारीक, तोंडाला मास्क हवाच.

फ्लो बेंचवर (हेडमधून जाणारी हवा मोजणाऱ्या यंत्रावर) ७०.६ मिमी बोअरची नळी लावा, पोर्टच्या तोंडाशी प्लॅस्टिसिनचा गोल ओठ करा, हलक्या स्प्रिंग बसवा. व्हॉल्व्ह बंद ठेवून गळती मोजा आणि प्रत्येक आकड्यातून वजा करा. डायल गेज लावून व्हॉल्व्ह १ ते १० मिमी उघडत न्या, दर मिलिमीटरला नोंद घ्या. दाब सगळीकडे एकच हवा. १० इंच पाण्याच्या दाबावर घेतलेला आकडा २८ इंचाशी ताडायचा तर १.६७ ने गुणा. त्याच पोर्टवरचा दुसरा व्हॉल्व्ह बंद ठेवा, मग त्याचीही तशीच फेरी घ्या. दोघांत फरक आला तर आधी तो मिटवा. एक्झॉस्ट उलट दिशेने मोजायचा.

आता आकडे वाचा. ४ मिमीपर्यंत प्रवाह कमी असेल तर दोष सीटच्या कटांत. ८-९ मिमीनंतर आकडा थबकला आणि आवाज फाटका येऊ लागला तर जमिनीच्या वळणावर हवा सुटतेय. कापण्याआधी तिथे प्लॅस्टिसिन भरून बघा. भरूनही प्रवाह घटला नाही तर तिथली धातू काढायची गरजच नव्हती. हा उलटा प्रयोग बराच पस्तावा वाचवतो.

शेवटी चेंबर. हेड लेव्हलवर उलटं ठेवा, ग्रीस लावून भोकाची अ‍ॅक्रिलिक पट्टी बसवा आणि ब्युरेटने रंगीत रॉकेल सोडा. चारही चेंबर ०.२ सीसीच्या आत जुळवा. लहान निघालेला सीटपासून लांबच्या भिंतीवर घासा. फेस (हेडचा सपाट तळ) किती तासायचा हे ठरवताना पट्टी काढा, हव्या तेवढ्या सीसीचं रॉकेल चेंबरमध्ये ओता आणि फेसपासून पातळीपर्यंतची खोली मोजा. त्यापेक्षा ०.१ मिमी कमी तासा आणि पुन्हा मोजा.