गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी वेगळ्या करताना: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

पुण्यात या विषयावर काम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याला हूडमध्ये निर्जंतुक काम करणे, पेशी मोजणे आणि फ्लास्क सांभाळणे येते, असे मी गृहीत धरते. ज्या गोष्टी प्रोटोकॉलच्या कागदावर एका ओळीत उरकलेल्या असतात आणि ज्यांच्यापायी महिने वाया जातात, त्यांविषयी येथे लिहीत आहे.

नमुन्याचे भवितव्य बऱ्याचदा ऑपरेशन थिएटरमध्येच ठरते. नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि त्या स्त्रीला तिच्या भाषेत समजावून घेतलेली लेखी संमती यांशिवाय एक मिलीमीटर ऊतकालाही हात लावता येत नाही, हे सर्वांना माहीत असते. मात्र काढलेले ऊतक फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याची तेथील वर्षानुवर्षांची सवय फारशी कोणी लक्षात घेत नाही. फॉर्मॅलिनमध्ये गेलेला नमुना पॅथॉलॉजीच्या कामाचा असतो, कल्चरसाठी, म्हणजे पेशी प्रयोगशाळेत जिवंत वाढवण्यासाठी, तो संपलेला असतो. म्हणून प्रतिजैविक घातलेल्या माध्यमाची, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवाची, ठळक लेबल लावलेली नळी आदल्या दिवशीच सिस्टरांच्या हाती द्या आणि त्यांच्याशी प्रत्यक्ष बोला. शेवटच्या पाळीची तारीख आणि हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, हे त्याच वेळी लिहून घ्या, कारण नंतर ही माहिती मिळवणे फार जड जाते आणि तिच्याविना निकालाचा अर्थ लावता येत नाही. विद्यापीठ चौकातल्या गर्दीची मात्र फार धास्ती घेऊ नका, नमुना बर्फावर असेल तर तेवढा उशीर तो सोसतो.

आता ज्या पायरीने मला सर्वांत अधिक काळ अडवून ठेवले, ती सांगते. ऊतक धुऊन, ब्लेडने बारीक चिरून ते 37 अंशांवर कोलॅजिनेज या कोलॅजेन प्रथिन तोडणाऱ्या एन्झाइममध्ये ठेवतात. प्रोटोकॉलमध्ये एक तास असे लिहिलेले असते आणि नवा विद्यार्थी घड्याळ लावून बसतो. येथे घड्याळावर विसंबू नका. स्ट्रोमल पेशी, म्हणजे अस्तराच्या आधार-ऊतकातील (स्ट्रोमातील) पेशी, कोलॅजेनच्या जाळ्यात विखुरलेल्या असतात, त्यामुळे जाळे विरघळले की त्या एकेक सुट्या होतात. ग्रंथींच्या भिंती बनवणाऱ्या एपिथेलियल पेशी मात्र एकमेकींना घट्ट धरून असतात, म्हणून ग्रंथी काही काळ अखंड राहतात. स्ट्रोमा सुटलेला आहे आणि ग्रंथी अजून तुटलेल्या नाहीत, एवढ्याच अवधीत 40 मायक्रोमीटरची चाळणी दोघांना वेगळे करू शकते. आधी थांबलात तर ग्रंथींना चिकटलेल्या स्ट्रोमल पेशी चाळणीवरच राहतात आणि पुढे वाढून एपिथेलियल कल्चर गिळून टाकतात. उशीर केलात तर ग्रंथींचे तुकडे होऊन त्या पेशी स्ट्रोमल पेशींबरोबर खाली उतरतात. त्या दिवशी दोन्ही नळ्या सारख्याच गढूळ दिसतात, म्हणून काय बिघडले हे आठवड्यानंतर कळते, तेही कळलेच तर.

हा अवधी एन्झाइमच्या लॉटनुसार बदलतो, कारण एका मिलिग्रॅममधील क्रियाशीलतेची एकके प्रत्येक लॉटमध्ये वेगळी असतात. ऊतक पाळीचक्राच्या कोणत्या टप्प्यातील आहे, किती बारीक चिरले आणि किती हलवले, यांवरही तो अवलंबून असतो. यासाठी दर दहा-पंधरा मिनिटांनी एक थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहा. सुरुवातीला केवळ फाटक्या कडांचे गठ्ठे दिसतात. नंतर मोडलेल्या शेवयांसारखे, स्वच्छ कडांचे वाकडे तुकडे दिसू लागतात आणि त्यांच्याभोवती सुट्या गोल पेशी तरंगत असतात. तो क्षण आला की थंड, सीरमयुक्त माध्यम घालून पचन थांबवा. नळीत चिकट, जेलीसारखे काही जमले तर आणखी कोलॅजिनेज घालू नका. तो मेलेल्या पेशींमधून बाहेर पडलेला डीएनए असतो आणि त्यावर डीएनेज हे डीएनए तोडणारे एन्झाइम हाच उपाय आहे.

‘पॅसेज केला की नको त्या पेशी आपोआप जातात’ हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल (पॅसेज म्हणजे वाढलेल्या पेशी सुट्या करून नव्या फ्लास्कमध्ये लावणे). तो अर्धा खरा आहे, म्हणूनच अधिक घातक आहे. स्ट्रोमल पेशी लवकर चिकटतात आणि एपिथेलियल पेशी पॅसेजमध्ये टिकत नाहीत, हे बरोबर. परंतु व्हायमेंटिन (स्ट्रोमल पेशींची खूण) आणि सायटोकेरॅटिन (एपिथेलियल पेशींची खूण) या प्रथिनांचे स्टेनिंग केल्याशिवाय, तसेच रक्तातील पांढऱ्या पेशींसाठी सीडी45 पाहिल्याशिवाय, कल्चर शुद्ध आहे असे लिहू नये. मार्गदर्शक निवडताना, पहिल्या काही नमुन्यांच्या वेळी मायक्रोस्कोपपाशी तुमच्या शेजारी कोण उभे राहील, हे विचारा. माझ्या मते हा प्रश्न त्यांच्या शोधनिबंधांच्या यादीपेक्षा महत्त्वाचा आहे आणि पुष्कळदा त्याचे उत्तर एखादे अनुभवी तंत्रज्ञ असते.

माध्यमाबद्दल थोडक्यात सांगते. माध्यमाची आम्लता दाखवणारे फिनॉल रेड हे रंगद्रव्य सौम्य इस्ट्रोजेनसारखे वागते, हे 1986 पासून माहीत आहे आणि साध्या सीरममध्येही स्टेरॉइड हार्मोन असतात. हार्मोनचे प्रयोग करायचे असतील तर फिनॉल रेडविरहित माध्यम आणि चारकोलने शुद्ध केलेले सीरम यांना पर्याय नाही.

एपिथेलियल पेशी सपाट पृष्ठभागावर काही दिवसांतच थकल्या, तर स्वतःला दोष देऊ नका. त्यांचा स्वभावच तसा आहे. मॅट्रिजेल या प्रथिनयुक्त जेलमध्ये वाढवलेल्या ऑर्गनॉइडच्या, म्हणजे पेशींच्या त्रिमितीय सूक्ष्म गोळ्यांच्या, पद्धती 2017 मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि त्यांत या पेशी दीर्घकाळ टिकतात. हात बसेपर्यंत गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या भांडारातून आणलेल्या सेल लाइनवर, म्हणजे प्रयोगशाळेत कायम वाढत राहणाऱ्या पेशींवर, स्टेनिंगचा सराव करावा, मात्र तिच्यावरून अस्तराविषयी निष्कर्ष काढू नयेत.

स्ट्रोमल पेशी खऱ्या आहेत का, याची सर्वांत समाधानकारक कसोटी म्हणजे डेसिड्युअलायझेशन, म्हणजे गर्भधारणेच्या तयारीसाठी या पेशींत होणारा बदल. सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू आणि प्रोजेस्टिन हे हार्मोन दिल्यावर चातीसारख्या लांबट पेशी काही दिवसांत गोलसर होतात आणि प्रोलॅक्टिन व आयजीएफबीपी-1 ही प्रथिने स्रवू लागतात. पॅसेज वाढत गेले की हा प्रतिसाद मंदावतो, म्हणून सुरुवातीच्या पॅसेजच्या व्हायल द्रव नायट्रोजनमध्ये जपून ठेवा. प्रत्येक व्हायलवर दात्याचा सांकेतिक क्रमांक आणि पॅसेज दोन्ही लिहा, कारण एकाच स्त्रीच्या पेशींचे तीन फ्लास्क म्हणजे तीन नमुने नव्हेत, तो एकच नमुना असतो.