स्लायडर घेताना आधी समुद्राची रेघ बघा

मालवणजवळच्या देवबागच्या एका होमस्टेची दीड मिनिटाची फिल्म मी तीन वेळा शूट केली. पैसे एकदाचेच मिळाले. पहिल्या वेळी उजेड छान होता, ओहोटी हवी तेवढी होती, हातात नवाकोरा ८० सेंटिमीटरचा स्लायडर, म्हणजे कॅमेरा आडवा सरकवत शॉट घ्यायची रेल, होता. मालक काकांच्या मोठ्या टीव्हीवर फिल्म लावली आणि तिसऱ्याच शॉटला त्यांनी विचारलं, "रे बाबू, हो समुद्र एका बाजून वर कित्याक चढता?" तीच फिल्म मी लॅपटॉपवर वीस वेळा तरी पाहिली होती. मला ते दिसलं नव्हतं. काकांना एका नजरेत दिसलं, कारण जन्मभर दारातून ते तीच रेघ बघत आलेत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. स्लायडरसाठी साठवलेले पैसे गेले होते आणि चूक नेमकी कुठे झाली तेच कळत नव्हतं. कोकणात व्हिडिओचं काम नव्याने सुरू करणाऱ्यांची ती रात्र वाचावी म्हणून हे लिहितोय. फ्रेम रेट, शटर, एनडी फिल्टर तुम्हाला येतं असं धरून चालतो.

चूक अशी होती. माझा स्लायडर एकाच ट्रायपॉडवर, बरोबर मधोमध बसवलेला. कॅमेरा, लेन्स, हेड आणि छोटा मॉनिटर मिळून वजन तीन किलोच्या आसपास. कॅमेरा मध्यावर असतो तेव्हा सगळं सरळ. तो उजवीकडे सरकायला लागला की तराजूच्या एका पारड्यात वजन टाकल्यासारखं होतं. मध्यापासून ३५ सेंटिमीटर लांब गेलेले तीन किलो रेलला खाली ओढतात. रेल थोडी वाकते, ट्रायपॉडची प्लेट थोडी मुरडते, आणि खाली बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर फिरणारं हेड, असेल (माझं तेच होतं) तर तो गोळा कितीही आवळला तरी केसभर घसरतो. तिन्हींची बेरीज होते आणि कॅमेरा उजवीकडे कलतो. कॅमेरा उजवीकडे कलला की फ्रेममध्ये समुद्र उजवीकडे वर चढतो.

किती चढतो तेही सांगतो, कारण आकडा कळल्यावरच मला याचं गांभीर्य कळलं. फोर-के फ्रेमची रुंदी ३८४० पिक्सेल. कॅमेरा एक अंश कलला तर क्षितिजाचं एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे ६७ पिक्सेल वर जातं. अर्धा अंश म्हणजे ३३. हाताला अर्धा अंश जाणवतसुद्धा नाही. मोठ्या टीव्हीवर तो लपत नाही. त्यात हा कल कायम एकसारखा असता तर एडिटमध्ये फ्रेम फिरवून मोकळे झालो असतो. पण तो मध्यावर शून्य असतो आणि टोकाकडे वाढत जातो. म्हणजे शॉटभर फ्रेम हळूहळू उलटी फिरवत न्यायची, कडा कापायच्या, आणि एवढं करून पाणी डुलल्यासारखं दिसतं ते वेगळंच. मी दोन रात्री हे करून पाहिलंय. करू नका.

आमराईत, मंदिराच्या सभामंडपात, घराच्या पडवीत शूट करत असाल तर एवढा कल कुणाच्या लक्षात येत नाही. झाडं तशीही वाकडीतिकडी असतात. म्हणूनच टेबलावर चहाचा कप ठेवून केलेले रिव्ह्यू बघून स्लायडर घेतला तर आपली फसगत होते. आपल्याकडे दर दुसऱ्या फ्रेममध्ये, आरपार, पट्टीने आखल्यासारखी एक रेघ असते आणि आपल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती रेघ पाठ असते.

खोक्यावर छापलेल्या किलोंवर विसंबू नका. माझ्या खोक्यावर '१० किलो' होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. तो आकडा बहुतेक वेळा रेल दोन्ही टोकांना टेकलेली असताना किंवा सपाट जमिनीवर असताना लागू होतो. एका ट्रायपॉडवर, टोकाला, समुद्राकडे तोंड करून किती वजनाला रेघ सरळ राहील हे त्या खोक्यावर लिहिलेलं नसतं. ते तुम्हालाच बघावं लागतं.

कसं बघायचं? दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा, नेहमीची सगळ्यांत जड लेन्स आणि स्वतःचा ट्रायपॉड घेऊन जा. दुकानातल्या भारी ट्रायपॉडवर तपासून काही उपयोग नाही, तो घरी येणार नाहीये. स्लायडर मधोमध बसवा, मोबाईलमधलं लेव्हल कॅमेऱ्यावर ठेवून शून्य करा. मग कॅरेज (रेलवर सरकणारी कॅमेऱ्याची बैठक) डाव्या टोकाला न्या, आकडा वाचा. उजव्या टोकाला न्या, आकडा वाचा. नंतर दुकानाच्या शटरची किंवा दाराची आडवी चौकट फ्रेममध्ये घेऊन एक क्लिप काढा आणि तिथेच मोठी करून बघा. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक दिसला तर मी तो स्लायडर खाली ठेवतो, मग तो कितीही गुळगुळीत चालत असो. दुकानदार वैतागेल. वैतागू दे, पैसे तुमचे आहेत.

आता घाबरलेल्यांसाठी. हातात असलेला स्लायडर असा निघाला तर तो फेकायची गरज नाही. बॉल हेड काढा आणि स्लायडर थेट ट्रायपॉडच्या सपाट माथ्यावर बसवा. माझा अर्ध्याहून जास्त दोष एवढ्याने गेला. स्लायडरच्या टोकापासून ट्रायपॉडच्या पायापर्यंत लावायचा तिरका आधार-दांडा मिळतो, तो घ्या. किंवा दोन्ही टोकांना दोन स्टँड लावा. दोन स्टँड म्हणजे उचलायला जास्त ओझं, पण रेघ जागची हलत नाही. वजनही उतरवा: मॉनिटर रेलवर कशाला हवा?

लांबीबद्दल माझं ठाम मत आहे आणि ते बदलेल असं वाटत नाही. एकट्याने काम करणाऱ्याला ६० सेंटिमीटर पुरतात. त्यातून कॅरेजची रुंदी वजा केली की साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर हाताशी राहतात. लहान वाटतात, पण हालचाल जाणवते ती जवळच्या वस्तूमुळे. होडीची कड, वाळत घातलेलं जाळं, केवड्याचं पान, काहीतरी लेन्सपासून हात-दीड हातावर घ्या आणि वाइड लेन्स लावा. जवळची वस्तू झरझर सरकते, मागचा समुद्र जागेवर राहतो, आणि बघणाऱ्याला ५० सेंटिमीटर दोन मीटरसारखे वाटतात. सेकंदाला पाच सेंटिमीटर वेगाने ५० सेंटिमीटरचा शॉट दहा सेकंदांचा होतो. ५० फ्रेमने घेऊन २५ वर चालवला तर वीस सेकंदांचा. १२० सेंटिमीटरचा दांडा स्कूटरवर आडवा धरून दाभोळच्या फेरीबोटीत चढलात की आठवण होईल माझी.

दुसऱ्या वेळी हे सगळं करून गेलो आणि तरीही रेघ हलली. या वेळी दोष वाळूचा होता. पाण्याच्या कडेची ओली वाळू पायाला घट्ट लागते, पण लाट येऊन परतताना ट्रायपॉडच्या पायाखालून थोडी वाळू काढून नेते. एक पाय दोन-तीन मिलिमीटर बसतो, शॉट चालू असतो, आणि तुम्हाला पत्ता नसतो. यावरचा उपाय मला घरच्या अंगणात सापडला. आंब्याच्या रिकाम्या पेटीच्या तीन फळ्या, प्रत्येकी वीतभर. पेटी मोडताना खिळा निघालेलं भोक राहतं, त्यातच ट्रायपॉडचं टोक बसवायचं. फळी वाळूत दाबून, तिच्यावर स्वतः उभं राहून दोनदा वजन द्यायचं आणि मगच ट्रायपॉड ठेवायचा. माझ्या फळ्यांवर अजून आंब्याचा चीक आहे. गेल्या चार सीझनमध्ये त्यांनी दगा दिलेला नाही.

पाणी कुठवर येणार हे आधी काढून ठेवा. आपल्याकडचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पुनवेला आणि अवसेला सव्वा अकराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. म्हणजे सूर्यास्ताला ओली, आरशासारखी वाळू हवी असेल तर पुनव-अवसेच्या आसपासचे दिवस धरा. अष्टमीच्या संध्याकाळी भरती असते, तेव्हा कातळावर आपटणाऱ्या लाटा मिळतात. नक्की मिनिटं भरतीच्या तक्त्यात बघावीत, पण गिऱ्हाइकाशी फोनवर तारीख ठरवताना हा तोंडी हिशेब फार उपयोगी पडतो.

वाळूचा दुसरा त्रास बेअरिंगला. स्टीलच्या दांड्यावर बारीक गोळ्यांचं बेअरिंग असलेले स्लायडर दुकानात लोण्यासारखे चालतात. खाऱ्या हवेत त्या दांड्यावर गंजाचे टिपके येतात, गोळ्यांत वाळूचा एक कण शिरतो, आणि शॉटमध्ये बरोबर त्याच जागी झटका बसतो. स्टेनलेस आहे म्हणून निश्चिंत राहू नका, नेहमीच्या ३०४ स्टेनलेसवरही मीठ टिपके पाडतं. ३१६ बरं टिकतं, त्यात मॉलिब्डेनम असतं. मी आता कार्बन फायबरच्या नळ्यांवर उघडी रबरी चाकं चालणारा स्लायडर वापरतो. नळी गंजत नाही, चाक डोळ्यांना दिसतं आणि बोटाने पुसता येतं. कार्बन जिथे ॲल्युमिनियमला टेकतं त्या सांध्यात खारं पाणी राहू देऊ नका, तिथे ॲल्युमिनियम लवकर खाल्लं जातं.

रत्नागिरीत मांडवीच्या काळ्या वाळूवर काम करणाऱ्यांनी आणखी एक जपावं. त्या वाळूत लोहाची खनिजं आहेत. माझ्या जुन्या स्लायडरच्या टोकाला कॅरेज धरून ठेवायला लोहचुंबक होतं. संध्याकाळी पाहिलं तर त्याच्यावर काळ्या कणांची दाट लव उगवली होती, पुसली तरी परत चिकटत होती. शेवटी चिकटपट्टी दाबून दाबून ओढून काढली.

शूट संपल्यावर आधी कोरड्या मऊ ब्रशने वाळू झाडायची, मग गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं फिरवायचं, मग कोरडं पुसायचं. तेलाचा स्प्रे मारू नका. परत सांगतो, मारू नका. तेलाला वाळू चिकटते आणि तिचं पॉलिश पेपरसारखं काम सुरू होतं.

ज्यांच्या हाताखाली मी लग्नाची कामं शिकलो ते सर म्हणायचे, गिंबल (हातात धरून चालताना मोटरने कॅमेरा सरळ ठेवणारं यंत्र) असताना स्लायडर कशाला, आणि थोडं हललं तर एडिटमध्ये स्टेबिलाइज करू. उजेड वाचायला मी त्यांच्याकडेच शिकलो, त्यांचा मान माझ्या मनात आजही आहे. पण या बाबतीत त्यांचं ऐकून माझं वर्ष वाया गेलं. सॉफ्टवेअर फ्रेममधले स्थिर बिंदू शोधून त्यांच्या आधाराने हालचाल काढतं. समुद्राच्या फ्रेममध्ये निम्मा भाग सतत हलतोय, ते आधार कशाचा घेणार? आणि गिंबल घेऊन वाळूत चाललं की प्रत्येक पावलाला फ्रेम वरखाली होते. मागे क्षितिज आणि पुढे जवळची होडी असली की ते लगेच दिसतं. शिकवणारा कितीही मोठा असो, त्याने आपल्या किनाऱ्यावर हे काम केलंय का एवढं विचारा.

मोटरचा स्लायडर पहिला म्हणून घेऊ नका. आधी हाताने वेग सांभाळायला शिका. महिनाभर रोज पंधरा मिनिटं केलंत तर येतं, मला यायला दोन महिने लागले. तुम्हालाही येईल.

सडा, म्हणजे आपलं जांभ्याचं पठार, मात्र स्लायडरला सोयीचा. २०२२ मध्ये सड्यावर कोरलेल्या आपल्या कातळशिल्पांचं नाव युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं, त्यानंतर मलाही सिंधुदुर्गातल्या कुडोपीच्या कातळशिल्पांवर एक छोटं काम मिळालं. तिथे रेल जमिनीलगत ठेवली, दोन्ही टोकं टेकलेली, त्यामुळे कलण्याचा प्रश्नच नाही. फक्त जांभा खडबडीत असतो. चारपैकी तीन पाय टेकतात आणि चौथा डुगडुगतो, म्हणून स्क्रूने खालीवर होणारे पाय हवेत, त्यांना रबराची टोपी हवी, आणि पाय चित्राच्या रेषेपासून लांबच ठेवायचे.

सेकंडहँड घेत असाल तर नळीवरून नख फिरवा. नख अडलं तर सोडून द्या. कॅरेज कानाजवळ धरून हळू सरकवा, करकर ऐकू आली तर चाकं बदलून मिळतात का ते आधी विचारा. मग तो विकणाऱ्याला घेऊनच किनाऱ्यावर जा, एका ट्रायपॉडवर चढवा, कॅमेरा समुद्राकडे करा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्या. देवबागची फिल्म तिसऱ्यांदा दाखवली तेव्हा काकांनी तोच शॉट थांबवून टीव्हीच्या काचेवर, समुद्राच्या रेघेला, वर्तमानपत्राची घडी लावून पाहिली. मग म्हणाले, "आता समुद्र बसलो."