प्रबोधनकाळातील चित्रकारांवरच्या कुमार-कादंबऱ्या वाचताना

इटलीच्या प्रबोधनकाळावर कुमारवयीनांसाठी लिहिलेल्या अनेक कादंबऱ्या एखाद्या नामवंत चित्रकाराच्या कार्यशाळेत घडतात. त्यामुळे त्या वाचायला घेण्यापूर्वी फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याची सनावळी पाठ करण्यापेक्षा कार्यशाळेचा कारभार समजून घेणे अधिक उपयोगी पडते. शिकाऊ मुले रंग खलत, लाकडी फळ्यांवर अस्तर चढवत, अंड्याच्या बलकात रंग कालवत. चित्र मात्र उस्तादाच्या नावाने बाहेर पडे. चित्रकार गिर्लांदायोने 1485 मध्ये फ्लॉरेन्सच्या अनाथालयासाठी केलेल्या करारात संपूर्ण चित्राचा मोबदला 115 फ्लोरिन (फ्लॉरेन्सची सोन्याची नाणी) ठरला होता आणि निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन किमतीचाच असावा, अशी अट होती. हा निळा रंग अफगाणिस्तानातील बदख्शानहून येणाऱ्या लाजवर्द या निळ्या दगडापासून बनत असे. एवढे ठाऊक असले, की निळ्या रंगाची वाटी सांडणाऱ्या पोराची पाचावर धारण का बसते, हे लेखकाने न सांगताही कळते.

वाचताना नोंद कुठे संपते आणि कल्पना कुठे सुरू होते, याकडे लक्ष ठेवावे. लिओनार्दो दा विंचीकडे 22 जुलै 1490 रोजी आलेला दहा वर्षांचा शिकाऊ मुलगा सालाई याचे उत्तम उदाहरण आहे. लिओनार्दोने आपल्या वहीत त्याला चोर, खोटारडा, हट्टी आणि खादाड ठरवले आहे. बुटांसाठी भेट मिळालेले तुर्की कातडे या पोराने परस्पर विकून त्या पैशांच्या बडीशेपेच्या गोळ्या घेतल्याचेही तिथे नोंदवले आहे. एवढे उघड झाल्यावरही लिओनार्दोने त्याला वर्षानुवर्षे जवळ का ठेवले, याचे उत्तर वहीत नाही, आणि कादंबरीकाराला खरा वाव तिथेच मिळतो. अशा जागी त्याने काय रचले आहे, यावरून त्याची कुवत जोखावी.

तारखांबाबत घाईने चूक काढू नये. फ्लॉरेन्सचे वर्ष 25 मार्चला सुरू होत असल्यामुळे, मायकेलअँजेलोचा 'डेव्हिड' कुठे उभारावा यासाठी भरलेली 25 जानेवारी 1504 ची बैठक मूळ कागदपत्रांत 1503 ची दिसते.

मुलाचा वेश घेऊन कार्यशाळेत शिरणारी नायिका भेटली, तर थोडे सावध व्हावे (ही युक्ती आता बरीच गुळगुळीत झाली आहे). व्हेनिसमध्ये चित्रकार तिंतोरेत्तोची मुलगी मारिएत्ता आणि बोलोन्यात लाव्हिनिया फोंताना आपापल्या चित्रकार वडिलांच्याच हाताखाली शिकल्या, तर जोगीण प्लाउतिल्ला नेल्लीने फ्लॉरेन्सच्या मठात राहून सुमारे सात मीटर रुंदीचे येशूचे 'अखेरचे भोजन' रंगवले. घर किंवा मठ हाच ज्या नायिकेचा रस्ता आहे, तिची कादंबरी आधी वाचावी.

कादंबरीत आलेले प्रत्येक चित्र ते प्रकरण संपल्यावर मोठ्या आकारात पाहावे, आधी नव्हे. लेखकाचे टिपण मात्र अगदी शेवटी उघडावे, कारण कोणते पात्र काल्पनिक आहे हे त्यात बहुधा स्पष्ट सांगितलेले असते.