उत्तर जुळवण्याआधी समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून कसे घ्यावे

आपले ऐकणे बहुतेक वेळा कानांपाशी अडत नाही, ते उत्तराच्या घाईपाशी अडते. 2009 साली निरनिराळ्या खंडांतील दहा भाषांमधील रोजच्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न संपणे आणि दुसऱ्याचे उत्तर सुरू होणे यांत सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढेच अंतर असते, असे त्यात आढळले. एक साधा शब्द मनात शोधून तोंडावाटे काढायला मात्र अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. याचा अर्थ असा की, समोरचा माणूस बोलत असतानाच आपण उत्तर जुळवू लागलेलो असतो. ही सवय मुळापासून काढून टाकता येणार नाही आणि तशी गरजही नाही. बाजारात भाव विचारताना ती उपयोगीच पडते. पण कोणी आपल्यापाशी मन मोकळे करत असेल, तेव्हा ती तयारी जाणीवपूर्वक पुढे ढकलावी लागते.

त्यासाठी सर्वांत आधी वाक्य पुरे होऊ द्यावे. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि होकार-नकाराचा निर्णयही बहुधा तिथेच होतो. ‘मला त्या लग्नाला जायचं’ इथपर्यंत ऐकून ज्याने बोलणे तोडले, त्याला पुढे ‘आहे’ येणार होते, ‘नव्हतं’ येणार होते की ‘होतं, पण घरून कोणी सोडलं नाही’ हे कधीच कळणार नाही. वाक्य संपल्यावरही मनात दोन अंक मोजण्याइतके थांबावे. पहिले वाक्य पुष्कळदा वरवरचे असते आणि खरी गोष्ट त्या थांबण्यानंतर बाहेर येते. सुरुवातीला ही शांतता अवघड वाटेल, तरी ती भरून काढण्याचा मोह आवरावा.

दुसरी सवय मला सर्वांत मोलाची वाटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1951 साली एका भाषणात वाद घालणाऱ्यांसाठी एक साधा नियम सुचवला होता. आधीच्या माणसाचे म्हणणे आणि त्यामागची भावना त्याचे समाधान होईल अशा रीतीने सांगता आली, तरच पुढच्याने स्वतःचे मत मांडावे, असा तो नियम होता. घरात तो कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. समजा, आईजवळ राहणारी बहीण परगावी असलेल्या भावाला फोनवर म्हणते, ‘‘दर वेळी मीच आईला दवाखान्यात नेते.’’ भावाच्या ओठांवर तयार असलेले वाक्य असते, ‘‘अगं, पण मी पैसे पाठवतो ना!’’ हे उत्तर खोटे नाही, पण ते आरोपाला दिलेले उत्तर आहे आणि बहिणीने आरोप केला आहे की नाही, हे अजून ठरलेलेच नाही. त्याऐवजी तो म्हणाला, ‘‘म्हणजे दर वेळी तुलाच रजा टाकावी लागते, असं ना?’’ तर ती कदाचित म्हणेल, ‘‘रजेचं काही नाही रे. ऑपरेशन करायचं की नाही, हे डॉक्टर मला एकटीला विचारतात. उद्या काही कमीजास्त झालं तर?’’ भावाचा अंदाज चुकला, तरी काम झाले, कारण तो दुरुस्त करताना तिला आपली भीती बोलून दाखवता आली. म्हणून समोरच्याचे म्हणणे अचूकच सांगितले पाहिजे, असे दडपण घेऊ नये. फक्त त्याचेच शब्द पोपटासारखे परत म्हणू नयेत, त्याने माणूस चिडतो. दर वाक्याला हे करण्याचीही गरज नाही. जिथे आपल्याला राग येऊ लागतो किंवा सल्ला द्यावासा वाटतो, तिथे तरी ते जरूर करावे.

संभाषण नकळत स्वतःकडे ओढून घेणे हीही त्या घाईचीच दुसरी बाजू आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स डर्बर यांनी दोन प्रकारचे प्रतिसाद वेगळे काढून दाखवले आहेत : बोलणे आपल्याकडे वळवणारा आणि बोलणाऱ्याचे बोलणे पुढे नेणारा. शेजारचे काका म्हणतात, ‘‘परवाच्या तपासणीत शुगर निघाली,’’ आणि आपण लगेच आपल्या मामांची शुगर, त्यांचा कारल्याचा रस आणि त्यांचे पहाटेचे फिरणे यांत शिरतो. यामागे आपुलकीच असते, यात शंका नाही. तरीही काकांची गोष्ट तिथेच राहते. आधी ‘‘कसं कळलं? काही त्रास होत होता का?’’ असे विचारावे, मामांचा अनुभव त्यांना हवा असेल तर ते स्वतःच विचारतील. प्रश्न विचारतानाही शब्द जपून वापरावेत. ‘‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’’ या प्रश्नात ठपका असतो, तर ‘‘मग पुढे काय झालं?’’ या प्रश्नात वाट मोकळी असते.

हातातला मोबाइल बाजूला ठेवावा, हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्याचे कारण केवळ शिष्टाचाराचे नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॅनेट बावेलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही श्रोत्यांना समोरच्याची गोष्ट ऐकताना एका विशिष्ट अक्षराने सुरू होणारे शब्द मोजायला लावले होते. अशा श्रोत्यांपुढे सांगणाऱ्यांची गोष्टच बिघडली आणि विशेषतः शेवट त्यांना नीट रंगवता आला नाही. ऐकणाऱ्याचा ‘हं’, ‘अरे बापरे’, त्याच्या चेहऱ्यावरचा बदल यांच्या आधारावरच सांगणारा पुढे जात असतो. फोनवर चेहरा दिसत नसल्याने तिथे हुंकाराला अधिक महत्त्व आहे. मात्र लक्ष दुसरीकडे ठेवून यंत्रवत दिलेला ‘हो हो’ लगेच ओळखू येतो.

एक वेगळी गोष्टही तपासून पाहावी. पन्नाशी-साठीनंतर वारंवार ‘‘काय म्हणालास?’’ असे विचारावे लागत असेल आणि गर्दीत बोलणे कळत नसेल, तर प्रश्न सवयीचा नसून श्रवणशक्तीचा असू शकतो. वयानुसार बहुधा आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे आवाज कानांवर पडतो, पण स, श यांसारखी व्यंजने निसटतात. अशा वेळी कानांची तपासणी करून घ्यावी.

आणि ज्या वेळी ऐकण्याचे त्राण नसेल, त्या वेळी ऐकल्याचा देखावा करू नये. ‘‘आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाही, जेवण झाल्यावर निवांत बोलू,’’ असे स्पष्ट सांगितले तर कोणाला वाईट वाटत नाही. मात्र जेवण झाल्यावर तो विषय आपणच काढायचा असतो, कारण एकदा थांबवलेला माणूस बहुधा स्वतःहून पुन्हा बोलायला येत नाही.