तान्ह्या पोळ्याला मोठा रुसला तर... आईबापांनो, या चुका टाळा

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल मिरवतात त्या सणाला, आमच्या घरात दोन पोरांचे दोन नंदी होते. मोठ्याचा आजोबांच्या वेळचा, सागवानी, एक शिंग तुटलेला. धाकट्याचा नवाकोरा, चाकांचा, त्याच्या कमरेला लागेल एवढा. शेजारच्या काकूंनी बोजारा म्हणून नव्या नंदीला पन्नासची नोट दिली, जुन्याला वीसची. मोठा काही बोलला नाही. गच्चीवर जाऊन बसला. आम्ही खालूनच हाका मारत राहिलो, "अरे, मारबत पाहायला जायचं ना? चाल लवकर!"

मारबत म्हणजे पीडा घेऊन जाणारा बाईचा मोठा पुतळा; पिवळी मारबत नागपुरात १८८५ पासून निघते. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खं शहर रस्त्यावर येतं. घरातली ही पीडा मात्र आपणच पोसतो, आणि तीही बऱ्याचदा देवाचं नाव घेऊन.

"तू मोठा आहे ना? रामानं तर राज्य सोडलं!"

हे मी शंभरदा म्हटलं असेल. मोठ्याच्या हातातली सायकल काढून धाकट्याला द्यायची आणि वर रामाचा दाखला. एकदा भाजी निवडताना लक्षात आलं, की या प्रसंगात मोठा राम असेल तर मी कैकेयी झाले की! राज्य मागणारी तीच होती. शिवाय धाकट्याला आपण भरत कधी सांगतो? तो चित्रकूटला गेला, पादुका घेऊन आला, सिंहासनावर त्या ठेवल्या आणि चौदा वर्षं नंदिग्रामात राहिला. त्याग सांगायचाच असेल तर दोघांनाही सांगा. रामटेकच्या गडावर रामाच्या देवळासमोर लक्ष्मणाचंही वेगळं देऊळ आहे. मुलांना तिथं न्या, ते दाखवा.

गणपतीची अर्धीच गोष्ट सांगणं

नागपूरच्या टेकडी गणपतीच्या देवळात रांगेत ही गोष्ट हमखास निघते. कार्तिकेय मोरावर बसून पृथ्वीप्रदक्षिणेला गेला, गणपतीनं आईबापांभोवती फेरी मारली आणि जिंकला. "पाहा, कसा हुशार!" म्हणत आपण हुशार लेकराच्या डोक्यावरून हात फिरवतो. दुसरं लेकरू शेजारीच उभं असतं.

शिवपुराणात गोष्ट इथं संपत नाही. कार्तिकेय रागावून क्रौंच पर्वतावर निघून जातो. बोलावणी धाडली तरी येत नाही. मग शंकर-पार्वती स्वतः तिकडे जातात. अमावास्येला शंकर आणि पौर्णिमेला पार्वती मुलाला भेटायला जातात, असं त्यात म्हटलंय. देवांच्या घरातही शर्यतीनं मन दुखावलं, आणि आईबापांनाच उठून जावं लागलं. हा भाग मला कीर्तनातही फारसा ऐकायला मिळालेला नाही.

बापाचं गप्प बसणं

ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू दिलं नाही ते सावत्र आईनं, सुरुचीनं. उत्तानपाद राजा तिथंच होता, बोलला नाही. पाच वर्षांचं पोर रानात गेलं ते त्या गप्प बसण्यामुळंही. आजी उघड उघड एकाचंच कौतुक करत असेल तर मोबाइलमधून डोकं वर काढा. वाद नको, "आई, याचंही चित्र पाहा ना" एवढं पुरे.

आधीच बिघडलं असेल तर

"आम्हाला दोघं सारखेच" हे आधी बंद करा. पोरं मूर्ख नसतात, त्यांचा हिशेब चोख असतो. चुकलं असेल तर "त्या दिवशी माझं चुकलं" असं सरळ म्हणा, दुसऱ्या पोरासमोर नव्हे, एकट्याजवळ. आठवड्यातून एकदा त्या एकालाच घेऊन निघा, तर्री-पोहे खायला का होईना. तेव्हा धाकट्याचा विषय काढायचा नाही. पोरगं चिडचिड करत राहिलं, जेवण-झोप बिघडली, तर उपासतापासावर न थांबता समुपदेशकाला दाखवा. त्यानं श्रद्धेला काही बाध येत नाही.

त्या दिवशी शेवटी मी गच्चीवर गेले. नवा नंदी आणून देते म्हणाले. तो म्हणाला, "नवा नको. याचं शिंग कधी लावून देते?"

शिंग देव्हाऱ्याखालच्या खणात पडलं होतं. पोळ्याच्या आधी त्यानं मला दोनदा सांगितलं होतं म्हणे.